घंगाळाचं चिलखत

माझ्या सासूबाईंचं घंगाळ मी कापलं. घरात दुसरं कुणीच नव्हतं, त्यामुळे आळ घ्यायलाही कुणी नाही. कापलं ते पत्रा कापायच्या ग्राइंडरने, दिवसाढवळ्या, डोळ्यांना गॉगल लावून, पूर्ण शुद्धीत. सासूबाई आता हयात नाहीत, हे मी सबब म्हणून सांगत नाही. उलट त्यामुळे गुन्हा वाढतोच, कारण रागवायचं सगळं काम एकट्या सुलभावर पडलं.

सुलभा माझी बायको. घंगाळ तिच्या लग्नातलं. पितळी, गोल पोटाचं, समोरासमोर दोन कड्या, आणि काठाखाली ठिपक्याठिपक्यांनी कोरलेली अक्षरं : 'चि. सौ. कां. सुलभा हिस आईकडून सप्रेम भेट'. (तेव्हा भांड्यावर नाव घातल्याशिवाय ते दिलं, असं कुणी मानत नसे.) आमची केतकी तान्ही असताना तिची आंघोळ ह्याच घंगाळात व्हायची. मग प्लास्टिकचा टब आला, आम्ही नेरूळला फ्लॅटमध्ये आलो, आणि घंगाळ माळ्यावर गेलं ते गेलंच.

आता मी त्याच्यावर ग्राइंडर का चालवला, ते सांगतो. समर्थन नाही, नुसतं सांगतो.

केतकीला बंगळुरूला दिवस गेले. चौथ्या महिन्यात डॉक्टरांनी सक्तीची विश्रांती सांगितली आणि सुलभा दुसऱ्याच दिवशी तिच्याकडे गेली. मी ऐटीत म्हणालो, "तू निर्धास्त जा. मी काय लहान आहे?" पहिला आठवडा मजेत गेला. दुसऱ्या आठवड्यात लक्षात आलं की एका माणसाचा भात करता येत नाही. तांदूळ कितीही कमी घ्या, भात दोघांचाच होतो. तुर्भ्याच्या कारखान्यातून घरी आलो (मी पत्राखात्यात सुपरवायझर आहे, आम्ही एसीचे डक्ट, म्हणजे हवा नेणारे पत्र्याचे चौकोनी नळ, बनवतो) की घरात आवाज करणारे आम्ही दोघेच. मी आणि फ्रिज. त्यातही जास्त फ्रिजच बोलायचा.

रोज साडेआठला सुलभाचा फोन.

"जेवलात?"

"जेवलो."

"काय केलं होतंत?"

"भात."

"बरंय ना सगळं?"

"बरंय की! मला काय धाड भरलीय?"

एवढंच. फोन ठेवला की पुन्हा फ्रिज.

अशाच एका संध्याकाळी मोबाइलवर एक दाढीवाला परदेशी माणूस दिसला. एका शेडमध्ये बसून तो युरोपातल्या जुन्या सरदारांचं पोलादी चिलखत करत होता. डोक्यापासून पायापर्यंत नुसता पत्रा! ठण ठण ठण. मी त्याचे सगळे व्हिडिओ पाहिले. खरं सांगायचं तर चिलखत मला नंतर आवडलं. आधी आवडला तो आवाज. रिकाम्या घरात ठोकाठोकीचा आवाज फार बरा वाटतो. कुणीतरी काहीतरी करतंय असं वाटतं, आणि ते कुणीतरी आपणच आहोत हे विसरायला होतं.

पुढच्या रविवारी मी दोन लोखंडी घमेली आणली. एकाचं शिरस्त्राण झालं. (म्हणजे डोळ्यांपुढे भोकं पाडलेलं उलटं घमेलं झालं.) दुसऱ्यातून गुडघ्याच्या दोन वाट्या काढल्या. तोच बेल वाजली.

दारात खालच्या मजल्यावरचे शेडगे. साताऱ्याकडचे. वाशीच्या मार्केटात तीस वर्षं पोती उचलून आता निवृत्त. बायको वारली, मुलगा-सून कामोठ्याला, हे इथे एकटे.

"परबसाहेब, भिंत पाडताय व्हय?"

"नाही हो. चिलखत करतोय."

शेडगेंनी थोडा विचार केला. मग आवाज खाली आणून विचारलं, "सोसायटीत कुणाशी काय झालंय का?"

"छे छे! छंद आहे. युरोपातले सरदार घालायचे ना, तसलं."

"आपल्याकडं काय चिलखतं नव्हती? घरचं सोडून परदेशी कशापायी?"

"आपल्याकडचं कड्यांचं असतं शेडगे. हजारो कड्या एकेक करून ओवाव्या लागतात."

"मग? तुम्हाला कुठं घाई हाय?"

मी हातोडी ह्या हातातून त्या हातात घेतली. शेवटी त्यांनीच तह केला. "दुपारी दोन ते चार ठोकू नका. मी पडतो जरा."

खांदे झाले, हातांच्या नळ्या झाल्या. छाती मात्र जमेना. तीन वेळा पत्रा ठोकला आणि तिन्ही वेळा त्याचा डक्ट झाला. (सवय.) छातीला हवा होता आधीच गोलाई असलेला, जाड, सणसणीत पत्रा. मी स्टुलावर चढून माळ्यावर डोकावलो. घंगाळ तिथे बसलं होतं.

खाली काढलं. धूळ पुसली. आरशासमोर उभं राहून पोटाला लावलं. काय सांगू! जिथे पोट तिथे पोट. सासूबाईंनी लग्नाच्या वेळीच जावयाच्या पन्नाशीचा अंदाज घेतला असावा!

काठाखालचं नाव मी वाचलं. हे कबूल करायलाच हवं. वाचलं, 'वीस वर्षांत कुणी विचारलंय ह्याला?' असं स्वतःला म्हणालो, आणि बूड काढून उभे दोन भाग केले. एक पुढचा, एक मागचा. नाव कापलं जाणार नाही ह्याची काळजी घेतली. त्यामुळे नाव आलं बरोबर छातीवर, त्याच्याखाली एक कडी आणि पाठीवर दुसरी कडी. दोन्ही भाग नुसते हातांनी धरून चाललो तरी मी मंदिरासारखा वाजायचो.

आणि त्याच आठवड्यात, साडेआठला :

"अहो, ऐका. केतकी बाळंतपणाला आपल्याकडेच येतेय. डॉक्टर आता प्रवास करा म्हणाले."

"अरे वा!"

"आणि माळ्यावरचं आईचं घंगाळ काढून चिंचेने स्वच्छ घासून ठेवा. बाळाची पहिली आंघोळ त्यातच. केतकीची झाली तशी. आई असती तर तिने स्वतः घातली असती. निदान तिचं घंगाळ तरी असू दे."

मी म्हणालो, "हो."

ह्या एका 'हो'ने माझी वाट लावली. तेव्हाच सांगितलं असतं तर एक भांडण झालं असतं आणि संपलं असतं. पण चार महिने 'बरंय' म्हणायची सवय लागलेला माणूस मी! दुसऱ्या दिवशी विचारणा झाली, "घासलंत?" "चकचकीत!" तिसऱ्या दिवशी, "फोटो पाठवा." मी दोन्ही भाग चिकटपट्टीने जोडले, बुडाच्या जागी ताटली ठेवली आणि बऱ्या बाजूने फोटो काढला. लगेच फोन.

"छान दिसतंय हो! पाणी भरून बघितलंत? गळत नाही ना?"

"थोडंसं गळतं," मी म्हणालो.

दोघी सोमवारी रात्री पोचणार होत्या. सोमवारी सकाळी घंगाळ कारखान्यात नेऊन पुन्हा झाळून सांधून घ्यायचं, असा माझा बेत ठरला. मधे रविवार होता. मनात आलं, उद्या हे मोडायचंच आहे, तर आज एकदा तरी पूर्ण चिलखत अंगावर घालून बघू. कुणाला दाखवायचं नव्हतं. दाखवायला होतं कोण?

दुपारी चार वाजून गेल्यावर (तह!) मी सगळं चढवलं. घंगाळाला मी डाव्या बाजूला बिजागरी बसवली होती आणि उजव्या बाजूला, काखेच्या मागे, जुन्या सुटकेसचे दोन चाप. तिथे हात पोचेना, म्हणून दाराच्या चौकटीवर अंग दाबलं. टक्. टक्. बसले! आरशात पाहिलं. समोर एक सरदार उभा होता. जरा ढेरपोट्या, पण सरदार. मी हसलो. मग हसणं थांबलं तेव्हा घरात काही ऐकू येईना, म्हणून चिलखत काढायला गेलो.

चाप उघडेनात. हातांच्या नळ्या कोपरात वाकत नव्हत्या (डक्टचाच पत्रा!), त्यामुळे त्याही निघेनात. आणि आत्ता मला आठवलं. व्हिडिओतला दाढीवाला प्रत्येक वेळी म्हणायचा, 'आता तुमच्या सोबत्याला मागचे पट्टे उघडायला सांगा.' ते वाक्य आलं की मी दर वेळी व्हिडिओ पुढे ढकलायचो. चिलखत ही एकट्याने करायची गोष्ट असेल, पण एकट्याने घालायची नाही आणि काढायची तर मुळीच नाही.

तेवढ्यात फोन वाजला. टेबलावर वाकलो तसं शिरस्त्राण घरंगळून पडलं आणि मी तो नाकाने घेतला.

"सरप्राइज!" सुलभा ओरडली. "एक दिवस आधीचं रिझर्वेशन मिळालं! पनवेलहून टॅक्सीने आलो, आत्ता बिल्डिंगखाली आहोत. बॅगा घ्यायला खाली या!"

खाली या! मी दोन्ही हात काठीसारखे पुढे धरून एक मजला जिना उतरलो आणि शेडगेंच्या बेलवर कोपर मारलं. दार उघडेपर्यंत धाप लागली म्हणून भिंतीला टेकलो, तर पाठीवरच्या कडीने लिफ्टचं बटण दाबलं गेलं. हे मला तेव्हा कळलं नाही.

शेडगेंनी दार उघडलं आणि एक पाऊल मागे गेले. "आयला!"

"शेडगे, मागचे चाप उघडा! लवकर! बायको आली!"

"थांबा थांबा, बघू तर द्या नीट." त्यांनी कपाळावरचा चष्मा खाली ओढला, माझ्या छातीला नाक लावलं आणि पहिलीतल्या मुलासारखं मोठ्यांदा वाचायला लागले. "चि... सौ... कां... सुलभा हिस... आईकडून..."

माझ्या मागे लिफ्टचं दार उघडलं.

"...सप्रेम भेट," शेडगेंनी पूर्ण केलं.

सुलभाच्या हातातली बॅग खाली पडली. केतकीने आठव्या महिन्याचं पोट दोन्ही हातांनी धरलं आणि हसू दाबता दाबता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. सुलभाच्या डोळ्यांतही पाणी होतं, पण ती हसत नव्हती. ती पुढे आली. आईच्या नावावरून तिने एकदा बोट फिरवलं.

"हे माझ्या आईचं घंगाळ आहे," ती शेडगेंना म्हणाली. मला नाही. शेडगेंना! मग माझ्या छातीवरची कडी धरून तिने मला लिफ्टमध्ये ओढलं, जसा बैल गोठ्यात नेतात तसा.

चाप शेवटी शेडगेंनीच उघडले, मार्केटातला पोती ओढायचा लोखंडी आकडा आणून. "तीस वर्सं कांद्याची पोती ओढली ह्यानं," ते म्हणाले. "सरदार पयल्यांदाच."

कुणीच हसलं नाही.

दोन दिवस सुलभा माझ्याशी बोलली नाही. घरात तीन माणसं, आणि तरी फ्रिजच बोलत होता. मी येता-जाता सॉरी म्हणत होतो.

"कशाबद्दल?" तिने शेवटी विचारलं.

"घंगाळ कापलं त्याबद्दल."

"एवढंच?" म्हणाली आणि भाजी चिरायला निघून गेली.

मी कोड्यात पडलो. आणखी काय कापलं होतं मी? ते उलगडलं तिसऱ्या दिवशी. शेडगे केतकीसाठी भाजणी घेऊन आले आणि दारातच म्हणाले, "वहिनी, साहेबांवर लई रागवू नका. मानूस एकटा पडला की ठोकतो कायतरी. ते ठोकायला लागले की मी खाली पडल्या पडल्या ऐकायचो. बरं वाटायचं, वर कुनीतरी हाय म्हनून. ठोकणं थांबलं की करमायचं न्हाई."

ते गेल्यावर सुलभाने भाजणी ओट्यावर ठेवली आणि माझ्याकडे वळली.

"मला रोज 'बरंय' सांगत होतात."

"हो."

"मी रोज विचारत होते. शेडगेंना कळलं, आणि मला नाही?"

मी मान खाली घातली. चिलखत नसताना ती सहज खाली जाते.

तुर्भ्याला आमच्या वेल्डरने घंगाळ झाळून दिलं. बूड बसलं, बिजागरीची भोकं बुजली. उभे दोन व्रण राहिले. मग मी ते नेरूळच्या भांड्यांच्या दुकानात घेऊन गेलो. तिथे एक म्हातारे गृहस्थ अजूनही मशीनने नावं कोरतात. मी मजकूर कागदावर लिहून नेला होता.

"वाढदिवस की वास्तुशांत?" त्यांनी विचारलं.

"माफी आहे."

त्यांनी कागद वाचला, घंगाळ फिरवून बघितलं आणि शांतपणे म्हणाले, "बसेल. सासूबाईंच्या खाली जागा आहे."

नातीच्या पहिल्या आंघोळीच्या सकाळी मी घंगाळ पुढे ठेवलं. सुलभाने चष्मा लावला आणि वाचलं :

'सुलभा, हे मी कापले. एकटा पडलो होतो, ते तुला सांगितले नाही. दोन्ही चुकलो. माफ कर. परबांकडून सप्रेम भेट.'

शेवटची ओळ माझी नव्हती. ती म्हाताऱ्याने सवयीने घातली होती.

तिने कोमट पाणी ओतलं. वाकून चारी बाजूंनी बघितलं. गळत नव्हतं. मग पाच महिन्यांत पहिल्यांदा ती माझ्यासमोर खळखळून हसली.

"अहो, माझंच घंगाळ, आणि मलाच सप्रेम भेट?"

"चुकलो," मी म्हणालो. (हे तिसरं. पण हे तोंडीच राहिलं, कारण कोरायला आता जागा नाही.)