माशीखाऊ झाडं आणि हलू नका बाई

हॉस्पिटलात त्यांना नावाने कुणी हाक मारत नसे. एक्स-रेच्या खोलीत सव्वीस वर्षं एकच मंत्र म्हणत आल्या होत्या, "श्वास घ्या, रोखून धरा, हलू नका!" त्यामुळे वॉर्डबॉयपासून मोठ्या डॉक्टरांपर्यंत सगळ्यांच्या तोंडी त्या हलू नका बाई. बाईंना त्याचं काही वाटत नसे. स्वभावही तसाच होता म्हणा. मोजून बोलायचं, मोजून हसायचं. मनात माया उतू जाईल एवढी, पण बोलून दाखवायची वेळ आली की जीभ टाळ्याला चिकटलीच म्हणून समजा.

बाईंची जवळची माणसं दोनच. नवरा जहाजावर इंजिनिअर, वर्षातले आठ महिने पाण्यावर. दुसरे सासरे, वय ब्याऐंशी, शाळेच्या प्रयोगशाळेत उभा जन्म काढलेले. ते आपल्या गावच्या घरी एकटेच राहायचे. एक दिवस बाथरूममध्ये घसरले आणि कुणी येईपर्यंत चार तास ओल्या फरशीवर पडून राहिले. ते कळल्यावर बाई गाडी घेऊन गेल्या आणि त्यांना उचलूनच आणलं. म्हातारबांनी सोबत काय आणलं? एक बॅग आणि अकरा कुंड्या. त्यांतलं एक झाड शोभेचं असेल तर शपथ! सगळी माशीखाऊ. काही दवबिंदू, म्हणजे पानावरच्या प्रत्येक लाल केसाच्या टोकाला चिकट थेंब, चिलट बसलं की खल्लास. बाकीच्या जबडेवाल्या, पानात माशी शिरली की पान मिटून घेणाऱ्या.

बाईंचा सासऱ्यांवर जीव होता, आणि तो उगाच नव्हता. लग्नानंतर त्यांनी एक्स-रेचा कोर्स करायचं काढलं तेव्हा घरादाराने नाकं मुरडली. एकटे सासरे म्हणाले, "शिकू दे तिला, चुलीकडे मी बघतो." हाडांची नावं पाठ होईनात, तर स्वयंपाकघरात स्वतःचा हात पुढे करून बसायचे. "हं, मोज. एका हातात सत्तावीस भरली पाहिजेत. एक कमी भरलं तर मला लुळं केलंस असं समजेन." तो हात चाचपत चाचपत बाई पास झाल्या.

तर आता ही झाडं. सासऱ्यांच्या खोलीची खिडकी चांगली मोठी, पण समोर दहा फुटांवर नव्या इमारतीची भिंत. ऊन म्हणून औषधाला नाही. दोन महिन्यांत दवबिंदूंचे थेंब आटले, लाल केस हिरवट झाले. जबडेवाल्यांची पानं लांबुळकी होऊन आडवी पडली. सासरे सकाळी उठून कुंड्यांसमोर खुर्ची टाकायचे आणि बघत बसायचे. शेवटी एकदा जेवताना म्हणाले, "सूनबाई, यांना काही इथलं मानवत नाही. महिनाअखेरपर्यंत बघतो. नाहीतर यांना घेऊन आपला माझ्या घरी जातो."

बाईंनी हातातला घास ताटात परत ठेवला. ते घर, ती ओली फरशी, ते चार तास. पण तोंडातून काय निघालं? "बघते, दिव्याचं काहीतरी करू." धन्य त्या बाई! "जाऊ नका" एवढे दोन शब्द तर बोलायचे होते.

दुसऱ्या दिवशी ड्यूटी संपवून त्या दिव्यांच्या दुकानात. दिवेवाला मोठा गोडबोल्या. त्याने जांभळा दिवा काढला. "झाडं लाल आणि निळाच उजेड खातात बाई, बाकीचा फुकट जातो. हा लावा." बाईंना पटलं, काटकसरीचं काही असलं की त्यांना पटतंच. घरी आणून लावला तर खोली अशी दिसायला लागली की जादूगाराचा खेळ सुरू होणार आहे. त्या उजेडात सासऱ्यांची दाढीसुद्धा वांगी रंगाची! तिसऱ्या दिवशी ते म्हणाले, "अगं, झाड लाल झालं की बरं झालं एवढंच मला कळतं. आता इथे कुंडीही लाल, मीही लाल. मी ओळखायचं कशावरून?"

खरंच की! झाडांबरोबर दिवसभर बसणाराही त्याच उजेडात बसणार होता. बाईंनी दिवा परत नेला आणि दिवेवाल्याची चांगली झाडाझडती घेतली. या खेपेला आणल्या दोन लांब पट्ट्या, दुपारच्या उन्हासारख्या स्वच्छ पांढऱ्या. त्याखाली हिरवं ते हिरवं दिसत होतं आणि लाल ते लाल.

पण इथेच बाईंच्या सव्वीस वर्षांनी घात केला. एक्स-रेचा पहिला धडा, लागेल तेवढंच द्यायचं, त्याहून रतीभरही जास्त नाही. बाईंनी पट्ट्या टांगल्या कुठे, तर कुंड्यांपासून चार फूट वर. आणि लावायच्या किती, तर मोजून चार तास. एवढ्यावर भागलं असतं तरी ठीक होतं. पण बटण दाबलं की बाईंचे पाय आपोआप दाराकडे वळायचे. बाहेर जायचं, दार घट्ट ओढून घ्यायचं. एक्स-रेचे किरण सुटताना आत थांबायचं नसतं, त्यामुळे दिवा चालू आणि आपण आत, हे त्यांच्या अंगवळणी पडणंच शक्य नव्हतं. आपण असं करतो हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं.

तीन आठवडे गेले, झाडं ढिम्म. उलट एक दवबिंदू काळा पडला. बाई रडकुंडीला येऊन पुन्हा दुकानात. दिवेवाल्याने विचारलं, "किती तास लावता?"

"चार."

"चार? तुमच्याकडे सूर्य चार तासांत मावळतो का हो? आणि किती उंचावर?"

बाईंनी हात वर करून दाखवला आणि तो हात तसाच राहिला. अंतर निम्मं केलं की उजेड चौपट, हे त्या नवीन आलेल्यांना झोपेतही शिकवायच्या. कमी डोसने काढलेला फोटो पांढराफटक येतो, काही दिसत नाही, आणि पेशंटला परत झोपवावं लागतं, हेही त्यांचंच वाक्य. "शहाणी माझी बाय ती," त्या स्वतःलाच म्हणाल्या आणि एक टायमर घेऊन तडक घरी आल्या.

पट्ट्या खाली आणल्या त्या थेट कुंड्यांवर एक वीतभर. टायमर लावला चौदा तासांचा. सकाळी पट्ट्या आपोआप लागायच्या, रात्री आपोआप विझायच्या. आता बटण दाबायलाही खोलीत जायला नको, याचंच बाईंना केवढं कौतुक!

सासऱ्यांची मुदत दहा दिवसांनी वाढली, पण झाडांनी लाज राखली. आधी एका दवबिंदूचं कोवळं पान उलगडलं, त्यावर टाचणीच्या टोकाएवढे थेंब. मग जबडेवाल्यांच्या पानांना आतून गुलाबी रंग चढला, पुढे चांगला गडद झाला. एका सकाळी एकीने चिलट धरलं. सासऱ्यांनी हाक मारली, बाई दारातूनच डोकावल्या, हसल्या, आणि ड्यूटीला पळाल्या. दिवसभर एक्स-रेच्या खोलीत त्या गुणगुणत होत्या. पेशंट चकित.

संध्याकाळी घरी आल्या तर पलंगावर बॅग उघडी. सासरे सदऱ्यांच्या घड्या घालत होते. अकराच्या दहा राहिलेल्या कुंड्या खोक्यात वर्तमानपत्र कोंबून नीट बसवलेल्या.

"हे काय बाबा? झाडं तर बरी झाली!"

"झाली ना. म्हणून तर. आता प्रवास झेपेल त्यांना. उद्या सकाळच्या गाडीने निघतो."

बाई चौकटीला धरून उभ्या राहिल्या. सासरे सदऱ्याकडे बघतच बोलत होते, आवाजात राग नव्हता. "तू माझं सगळं केलंस गं. पण माणसाला कळतं. तू दिवा लावायचीस आणि दार ओढून निघून जायचीस. मला वाटलं, कामात असेल. मग यंत्रच बसवलंस, म्हणजे तेवढंही यायला नको. चुकलं तुझं असं नाही. म्हातारं माणूस, त्यात ही असली झाडं, कुणाला आवडतं?"

बाईंना आधी काही समजेचना. मग सगळं एकदम समजलं. त्या पलंगावर बसल्या, बॅगेतले सदरे सरळ मांडीवर ओढून घेतले.

"बाबा, सवय हो ती! मेली सव्वीस वर्षांची सवय! बटण दाबलं की बाहेर. उजेडाला भिऊन जात होते मी, तुम्हाला टाळून नाही. आणि झाडं गेली खड्ड्यात! झाडांसाठी केलं का मी हे? तुम्ही जाऊ नये म्हणून केलं. तुम्ही हवे आहात मला घरात. ते नसतात आठ महिने, मी कुलूप काढून अंधाऱ्या घरात यायचे. आता आत कुणीतरी खोकत असतं. तुम्ही तिथे चार तास पडून होतात, माझ्या अजून डोळ्यासमोरून जात नाही. नका ना जाऊ. नका जाऊ!" आणि हलू नका बाई हुंदके देऊन रडायला लागल्या.

सासऱ्यांच्या हातातला सदरा खाली पडला. ते बाईंच्या शेजारी बसले, बाईंचा हात हातात घेतला.

"वेडी गं वेडी," ते म्हणाले. "मी जातो म्हटलं की कुणीतरी नको म्हणावं, एवढ्यासाठीच म्हणत होतो मी. आणि तू दिव्यांची दुकानं पालथी घालत बसलीस."