घरच्या कपड्याला खूण नसते

मावशीला लिहिता-वाचता येत नव्हतं आणि त्याचं तिला काडीचंही वाईट वाटत नव्हतं. "लिहिणाऱ्यांचेच खिसे जास्त डागाळतात," असं ती म्हणायची आणि शाई लागलेला एखादा शर्ट लगेच तुमच्या नाकासमोर धरायची. गल्लीच्या तोंडाशी तिची लॉन्ड्री होती. लॉन्ड्री म्हणजे काय, पुढे इस्त्रीचं लांब टेबल, मागे दोन हौद आणि छतापर्यंत गेलेल्या फळ्या. चाळीस वर्षं त्या टेबलाशी उभी राहून तिनं लोकांच्या कॉलरी सरळ केल्या. लोक वाकडे ते वाकडेच राहिले, त्याला ती बिचारी काय करणार?

सगळी गल्ली तिला मावशी म्हणायची, पण खरी मावशी ती एकाचीच होती. धाकटी बहीण गेली तेव्हा तिचा सहा वर्षांचा मुलगा हिच्याकडे आला. पहिल्या दिवशी तो टेबलापाशी जो उभा राहिला, तो जेवायला हाक मारेपर्यंत तसूभर हलला नाही. म्हणून मावशीनं त्याचं नाव ठेवलं ठोंब्या. आता हा ठोंब्या चौतीस वर्षांचा बाप्या झाला होता, गाडी अशी चालवायचा की मागे बसलेल्याच्या कपातला चहा हलू नये. तरी मावशीच्या तोंडून हाक तीच, आणि तोही मुकाट ओ द्यायचा.

कपडे पन्नास घरांचे आणि हौद दोनच. कुणाचं काय हे कळायला मावशी कॉलरच्या आत लाल दोऱ्यानं खूण घालायची. प्रत्येक गिऱ्हाइकाची वेगळी, तिनं आपल्या मनानं काढलेली. गिऱ्हाइकांना वाटायचं, असेल काहीतरी आकडा. बरं होतं तसं वाटत होतं ते! हेडमास्तरांच्या कॉलरीत बगळा होता, कारण ते एका पायावर उभे राहून तक्रार करायचे. विमा एजंटाच्या कॉलरीत डास होता, तो का ते सांगायला नको. डॉक्टरीणबाईंना तेवढं फूल मिळालं होतं, कारण साऱ्या गल्लीत त्या एकट्याच खिसे रिकामे करून कपडे द्यायच्या.

आणि मालकाच्या कॉलरीत छत्री होती.

त्याला सगळे मालक म्हणायचे. कागदावर त्याच्या मालकीची साधी सायकलसुद्धा नव्हती, पण ट्रकचा अड्डा त्याचा, भाजीबाजार त्याचा, नदीतली वाळू त्याची, आणि लोक म्हणायचे की चौकीतली निम्मी माणसंही त्याचीच. त्याची सगळी कारकीर्द मावशीनं शर्टांवरून वाचली होती. आधी ग्रीसनं काळे झालेले, कोपरावर ठिगळ असलेले दोन शर्ट यायचे. मग चार पांढरे यायला लागले. मग रेशमी. ज्या वर्षी रेशमी आले, त्याच वर्षी बाजारातल्या दोन माणसांचे हातपाय मोडले आणि कोर्टात कुणालाच काही आठवेना. असे वीस खटले त्याच्यावर झाले आणि वीसही खटल्यांतून तो सुटला. मावशीला यातलं काहीच ठाऊक नव्हतं असं म्हणणं म्हणजे तिला वेडी ठरवणं. ठाऊक होतं. पण बहिणीच्या अंत्यविधीला टळटळीत उन्हात गल्लीतलं कुणी फिरकलं नव्हतं, तेव्हा हाच माणूस, ग्रीसच्या शर्टातला, तिच्यावर आणि पोरावर छत्री धरून दोन तास उभा होता. एक शब्द बोलला नव्हता. ते मावशी कसं विसरणार? ठोंब्या त्याची गाडी चालवायला लागला तेव्हाही ती एवढंच म्हणाली, "गाडी चालव. दुसरं काही करशील तर तंगडं मोडीन."

मग ती वखारीची दुपार आली. लाकडाच्या वखारीचा म्हातारा मालकाला हप्ता देईना. मालक स्वतः समजवायला गेला आणि दुपारी चारच्या सुमाराला म्हातारा आपल्याच वखारीत सुरी लागून मेला. तिसऱ्या दिवशी पोलिसांना भुशाच्या ढिगाखाली एक शर्ट सापडला, छाती रक्तानं भरलेली, आणि कॉलरीत लाल दोरा. त्याच संध्याकाळी ठोंब्या आपल्या पायानं चौकीत गेला आणि म्हणाला, "मी एकट्यानं केलं. मालक तिथे नव्हतेच." पोलिसांनी मालकालाही धरला, पण तो जामिनावर चौथ्या दिवशी बाहेर, आणि ठोंब्या आत.

भेटायला गेली तेव्हा मावशीनं आधी त्याला जाळीतून शिव्या घातल्या. दम लागल्यावर थांबली. तेव्हा तो हळूच म्हणाला, "मालकांनी शब्द दिलाय. तुला मरेपर्यंत सांभाळणार. तू नुसतं म्हण, ही खूण माझी नाही."

"आणि तू?"

"माझं काय, मावशी? मला कोण आहे मागे?"

"अरे गाढवा," मावशी म्हणाली. हा ठोंब्या तिच्या म्हातारपणाची सोय म्हणून जन्मठेप भोगायला निघाला होता! घरी येऊन तिनं रागानं इस्त्री इतकी दाबली की एका प्राध्यापकाची पँट जळली.

साक्षीच्या दिवशी कोर्ट खचाखच भरलं होतं. शर्ट मालकाचा ठरला तर ठोंब्याचा खोटा कबुलीजबाब कोसळणार, हे सगळ्यांना माहीत होतं. खरं असो की खोटं, मावशी भाच्याला वाचवायला शर्ट मालकाचाच म्हणणार, हेही सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. सरकारी वकिलानं शर्ट दाखवला. मावशीनं कॉलर उलटली, अंगठा फिरवला आणि म्हणाली, "माझी खूण. छत्री. मालकांची."

"छत्रीच का?"

तिनं सांगितलं. ऊन सांगितलं, दोन तास सांगितले. सांगताना तिच्या डोळ्यांना धार लागली. आरोपींच्या पिंजऱ्यात मालक खाली बघत होता. खाल्ल्या घरचे वासे मोजणारी आपण, असं तिला त्या क्षणी मनापासून वाटलं, आणि तरी तिनं शब्द मागे घेतला नाही.

मग मालकाचा वकील उठला. मोठा नावाजलेला माणूस, आवाज कसा तुपात घोळलेला. त्यानं गल्लीतून जमवलेल्या बारा कॉलरी टेबलावर मांडल्या. "बाई, अक्षरओळख नाही म्हणता. ओळखा बघू!"

मावशीनं ओळखल्या की! "हा हेडमास्तरांचा बगळा." हेडमास्तर समोरच बसले होते. "बगळा?" असं म्हणून ते उठले, आणि उठले तेही एका पायावर भार देऊन. कोर्ट हसलं. "हा विमावाल्यांचा डास." परत हशा. जज्जसाहेबांनी टेबल आपटलं, पण रुमाल तोंडाला लावूनच. अकरा खुणा बरोबर आल्या. बारावी तिनं दूर सारली. "ही माझी नाही. कुणीतरी माझ्यासारखी काढलीय. मी डावखुरी आहे, साहेब. माझा टाका डावीकडून निघतो, हा उजवीकडून निघालाय. आणि गाठ बघा, शी! याला गाठ म्हणतात?"

वकिलाचा चेहरा पडला, पण गडी वस्ताद होता. "मान्य, शर्ट मालकांचा. पण मालक जुने शर्ट तुमच्या भाच्याला देत असत ना? खूण मालकांची आणि अंगात घालणारा भाचा, असं का नसेल?"

कोर्टात कुजबुज झाली. सरकारी वकिलानं कपाळावरचा घाम पुसला. मावशीनं मात्र वकिलाकडे असं पाहिलं जसं काही त्यानं अगदीच बावळट प्रश्न विचारला.

"शर्ट घरात आला की मी त्याच दिवशी खूण उसवते."

"का बरं?"

"का म्हणजे? खूण गिऱ्हाइकाच्या कपड्याला असते, बदलू नये म्हणून. घरच्या कपड्याला कोण खूण करतं? आणि माझ्या लेकराच्या मानेवर दुसऱ्याचं निशाण मी ठेवू? हा काय कुणाच्या दावणीचा बैल आहे?"

सरकारी वकिलानं ठोंब्याच्या घरातून जप्त केलेले मालकाचे सहा जुने शर्ट मागवले. सहाही कॉलरींत बारीक भोकं होती आणि दोरा एकातही नव्हता. ठोंब्या पिंजऱ्यात हमसून रडायला लागला.

इथेच ती साक्षीच्या पिंजऱ्यातून उतरली असती तर सगळं निभावलं असतं. पण वकिलाला राग आला होता. "वा! म्हणजे तुमचा भाचा अगदी धुतल्या तांदळासारखा! खुनाच्या संध्याकाळी त्यानं अंगातला शर्ट तुमच्याकडेच टाकला असेल. तुम्हीच धुतला असेल. काय होतं त्यावर, बाई? घामच ना?"

तो शर्ट तिच्याशिवाय कुणी पाहिला नव्हता. त्या संध्याकाळी ठोंब्या म्हणाला होता, "गाडीखाली कोंबडी आली." तिला ते खरं वाटलं नव्हतं. तिनं विचारलंही नव्हतं. गार पाण्यात मीठ टाकून डाग काढला होता, कारण गरम पाण्यानं रक्त पक्कं बसतं, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक? आता फक्त "घाम" म्हणायचं होतं. ठोंब्या घरी आला असता. तो पिंजऱ्यातून मान हलवत होता, नको, नको.

"रक्त होतं," मावशी म्हणाली. "उजव्या बाहीला, कोपरापर्यंत. मी धुतलं. विचारायला हवं होतं, विचारलं नाही. ती चूक माझी, ती लिहून घ्या."

"मावशी!" ठोंब्या ओरडला. वकील विजयी मुद्रेनं खाली बसला, त्याला वाटलं आपण जिंकलो.

तो जिंकला नाही. निकालात जज्जसाहेबांनी लिहिलं की जी बाई पोटच्यासारखा वाढवलेला भाचा वाचवण्यासाठी एक शब्द बदलत नाही, तिच्या बाकीच्या शब्दांवर अविश्वास ठेवायला कोर्टाला कारण दिसत नाही. वीस खटल्यांतून सुटलेला मालक एकविसाव्यात जन्मठेपेला गेला. ठोंब्याला पाच वर्षांची शिक्षा झाली, गाडी चालवल्याबद्दल, शर्ट पुरल्याबद्दल आणि खोटं बोलल्याबद्दल.

गल्लीनं मावशीला डोक्यावर घेतलं. मालकाच्या माणसांनी एकदा रस्त्यात अडवून दात-ओठ खाल्ले, पण धनी आत गेल्यावर त्यांचं अवसानच गळालं होतं. हेडमास्तर आठ दिवस कपडे घेऊन आले नाहीत. नवव्या दिवशी आले आणि म्हणाले, "बगळा राहू द्या, पण जरा देखणा काढा." मावशी हसली. पण ते हसू टेबलापुरतंच होतं, कारण ठोंब्या तिला भेटत नव्हता. दर महिन्याला ती दोन बस बदलून तुरुंगात जायची, बाकावर बसायची, आणि शिपाई येऊन सांगायचा, "येत नाही म्हणतो." असं पाच वेळा झालं. सहाव्या वेळी तिला चढावर दम लागला. डॉक्टरीणबाईंनी पंधरवड्यापूर्वीच सांगितलं होतं की हृदय थकलंय, इस्त्रीशी उभं राहणं आता बंद. तरी ती गेली.

त्या दिवशी तो आला. वाळला होता. जाळीपलीकडे नखं बघत बसला.

"मी म्हाताऱ्याला उचलायला गेलो होतो," तो म्हणाला. "जिवंत होता. मालक म्हणाले, राहू दे, गाडी काढ. मी काढली."

"ठाऊक आहे," मावशी म्हणाली. "बाहीवरूनच कळलं मला. उचलणाऱ्याची बाही तशीच भिजते."

"तू घाम म्हणाली असतीस तर मी सुटलो असतो."

"सुटला असतास. मग दुसऱ्या कुणीतरी तुला गाडी काढ म्हटलं असतं आणि तू काढली असतीस, ठोंब्या. मला तू हवा होतास रे, पण असा नको होतास."

तो रडला. तीही रडली. शिपायानं वेळ संपल्याची खूण केली, तरी ठोंब्या उठेना. जाळीत बोटं अडकवून त्यानं विचारलं, "मी सुटून येईन तेव्हा तू असशील ना गं?"

मावशी सदुसष्ट वर्षांची होती. भर कोर्टात भाच्यासाठीसुद्धा जिनं एक शब्द खोटा उच्चारला नव्हता, ती त्याच्या डोळ्यांत बघून ठणकावून म्हणाली, "म्हणजे काय! शपथेवर सांगते, असेन."