जोडीदाराला आवतन

मनुष्याविषयी निराश होणे फार सोपे. अपेक्षा आपण एकट्याने मनात बांधतो आणि ती मोडली की आळ मात्र दुसऱ्यावर घालतो. निराशेनंतरही त्या माणसाच्या दाराशी स्वतःच्या पायांनी जाता येणे, ही दुर्लभ सिद्धी होय. शास्त्रकार तिला क्षमा म्हणतील; पण क्षमा करणारा एक पायरी वर उभा असतो. गिरडजवळच्या एका खेड्यातले रूपराव त्या पायरीवर कधी चढलेच नाहीत.

रूपरावांकडे थोडी जमीन आणि एक बैल. त्यांचे बालमित्र ताराचंद किराणा दुकान चालवून शेती करीत. त्यांच्याकडेही एकच बैल. दोन्ही बैल एका जुवाखाली जुंपायचे आणि आळीपाळीने दोघांची शेते करायची, ही त्यांची सावड. बैल म्हातारे झाले, नवे आले. सावड तीच राहिली.

पुढे ताराचंदांच्या मुलाने, प्रफुलने, ट्रॅक्टर घेतला. त्याच श्रावणात, रूपरावांच्या कपाशीची डवरणी, म्हणजे ओळींमधली बैलांनी करायची कोळपणी, अर्ध्यावर असताना, ताराचंदांनी आपला बैल हिंगणघाटच्या बाजारात विकला. रूपरावांना ते कळले सकाळी डवरा घेऊन मित्राच्या गोठ्याशी गेल्यावर. बैलाच्या जागी ट्रॅक्टर उभा होता. ताराचंद आत असूनही दुकानाबाहेर आले नाहीत.

उभ्या कपाशीत ट्रॅक्टर चालत नाही. रूपराव आणि त्यांच्या पत्नी लीलाबाई यांनी उरलेल्या ओळी हाताने निंदून काढल्या. त्या दिवसांत रूपराव जेवणावरून लवकर उठत, आणि दुकानावरून जायचे टाळून मागच्या वाटेने घरी येत. गावातले वडीलधारे सदाशिवराव म्हणाले, चारचौघांत बोलावून ताराचंदाला जाब विचारू. रूपरावांनी नम्रपणे नकार दिला. जाब मिळेल, ताराचंद मिळणार नाही, एवढेच ते म्हणाले.

पोळ्याच्या आदल्या सायंकाळी आमच्याकडे बैलांचे खांदे हळद-लोण्याने शेकतात आणि त्यांच्या कानाशी वाकून दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचे आवतन देतात. वर्षभर राबणाऱ्याला मानाने बोलवावे, हा त्यातला भाव. रूपरावांनी आपल्या एकुलत्या बैलाला आवतन दिले, हात धुतले आणि सरळ ताराचंदांच्या दुकानात गेले. गिऱ्हाईक जाईपर्यंत थांबले. मग गल्ल्यावरून वाकून मित्राच्या कानाशी म्हणाले, "आज आवतन घे, उद्या जेवाले येजो."

ताराचंदांनी मान वर केली नाही. "मले बैल समजून राह्यला काय?"

"तुले बैल कसा म्हनू? बैल जू टाकाच्या आंधी फुरफुरते तरी. तू तं फुरफुरलाही नाई."

ताराचंद हसले, आणि हसता हसताच त्यांनी उपरण्याने डोळे पुसले. मग सांगत सुटले. पोराला ट्रॅक्टरसाठी गोठा रिकामा हवा होता; रूपरावांना सांगायला म्हणून ते रोज निघत आणि दुकानाच्या उंबऱ्याशीच पाय अडे. रूपरावांनी सारे ऐकून घेतले.

"इकला त्याचं काई नाई. मी गोठ्यासमोर उभा होतो अन् तू आत लपून राह्यला, ते मले लागलं." मग ते म्हणाले, "अन् लागलं, तं तुलेच सांगाव लागन ना. दुसरं हाये कोन?"

दुसऱ्या दिवशी पोळ्याच्या तोरणाखाली बैलजोड्यांच्या रांगेत रूपरावांचा बैल एकटा उभा होता. त्याच्या रिकाम्या बाजूला, धुवट धोतर नेसून, ताराचंद येऊन उभे राहिले. नवी जोडी बरी जमली, शिंगे तेवढी रंगवायची राहिली, असे लोक म्हणाले. सर्वांत मोठ्याने ताराचंदच हसले. दुपारी लीलाबाईंनी दोघांना पुरणपोळी वाढली.

मैत्री पूर्ववत झाली असे म्हणणे असत्य होईल. सावड संपली ती संपलीच. रूपरावांनी पुढे दुसऱ्या शेतकऱ्याशी जोडी बांधली. आपला मित्र भित्रा आहे, हे त्यांना आता ठाऊक होते. त्यांनी त्याच्याकडे धैर्य मागणे सोडले. त्याच्याकडे जाणे सोडले नाही. उतारवयात ते ताराचंदांविषयी बोलत तेव्हा त्यांच्या मुद्रेवर, आपल्या शेतातला खडकाळ कोपरा ठाऊक असलेल्या शेतकऱ्याचे समाधान असे.

रूपराव गेल्या माघात वारले. ताराचंद अजूनही सायंकाळी लीलाबाईंच्या ओसरीवर चहाला येतात, आणि ज्या दिवशी येणे होणार नसते, त्या दिवशी तसे आधी कळवतात.