शोभाच्या गोठ्यातला पंखा आणि माझी नाडी

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या बाई, कारण मी सांगायला लागले की मला ती दुपार आठवते आणि अजून छातीत धडधडतं. चहा घ्या. आणि मधेच ‘मंगल, तू असं केलंसच कसं?’ म्हणून विचारू नका. ते आमच्या सगळ्या वस्तीनं विचारून झालंय.

आमची वस्ती सांगोल्याच्या अलीकडं. माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीपुढं एक अरुंद बोळ, आणि बोळापलीकडं शोभाचा गोठा. शोभा माझी शेजारीण. तिच्या घरी कोण आलं, कोण रुसून गेलं, हे तिच्याआधी मला कळतं. लोक याला चोंबडेपणा म्हणतात. मी काळजी म्हणते.

तर या शोभाची एक गाय, गौरी. गरीब गाय, पण दोनदा गाभडलेली, वासरू पोटातच गेलेलं. दोन्ही वेळा ऐन उन्हाळ्यात. दुसऱ्या वेळी शोभा दोन दिवस जेवली नव्हती, मीच भाकरी घेऊन जाऊन बसले होते. तिसऱ्यांदा गौरी गाभण राहिली तेव्हा जनावरांच्या डॉक्टरांनी बजावून सांगितलं, हिला उष्मा सोसत नाही, गोठ्यात हवा खेळती ठेवा. आता आपल्याकडचं ऊन तुम्हाला काय सांगायचं? पत्र्याखाली दुपारी पापड ठेवला तर भाजून निघेल!

शोभाचा नवरा, भगवानभाऊजी, पंखा आणायला सोलापूरला निघाले. मीही निघाले. माझं काय काम? काहीच नाही. पण एवढी मोठी वस्तू घरात येणार आणि ती मी न बघता यायची, हे कसं चालेल?

दुकानदार भला माणूस. गोठा केवढा, जनावरं किती, पत्रा किती उंच, सगळं विचारून घेतलं. मी आपलं सुचवलं की त्या कोपऱ्यातला उभा पंखा द्या, गौरीच्या तोंडासमोर ठेवू, खाईल बिचारी वारं. तो हसला आणि भिंतीत बसवायचा एक भला थोरला चौकोनी पंखा दाखवून भाऊजींना समजावू लागला, की हा वारा घालायचा पंखा नव्हे, याचं काम वेगळं आहे...

नेमकं त्याच वेळी शेजारी एक नवरी मुलगी आणि तिची होणारी सासू कूलरच्या रंगावरून अडून बसल्या. आता तुम्हीच सांगा, माझे कान कुठं जाणार? सासू जिंकली, निळा कूलर ठरला, आणि मी इकडं वळले तर दुकानदाराचं सांगून संपलेलं. म्हटलं, असू दे. पंखा तर आहे, त्यात समजायचं काय?

पंखा बसला तो माझ्या घराकडच्या भिंतीत. समोरच्या भिंतीला जाळीच्या खिडक्या. पंख्याला बाहेरून पत्र्याच्या झडपा. पंखा सुरू झाला की झडपा वर उघडायच्या, बंद झाला की आपोआप पडायच्या. भाऊजी त्याला देवासारखं जपायचे. पाती पुसायचे, पट्टा ताणलाय का बघायचे, झडपांमधलं भुसकट काढायचे.

पण त्या झडपांचा आवाज! दिवसभर खडखड, खडखड. आणि दुसरी गंमत म्हणजे, गोठ्यात पंख्यासमोर उभं राहिलं तर अंगाला वारं नाही, आणि बोळात उभं राहिलं तर पदर उडून डोक्यावर! मला कळेना, गायीसाठी आणलेला पंखा माझ्या वाळत घातलेल्या चादरींना वारं का घालतोय? वर शेणाचा वास फुकट.

मग तो दिवस आला. शोभाची लेक बार्शीला, दिवस भरलेले. सकाळी फोन आला की कळा सुरू झाल्या. दोघं नवरा-बायको हातातलं काम टाकून निघाले. जाताना शोभानं गोठ्याची किल्ली माझ्या हातात दिली.

“मंगलताई, तिकडं पोर, हितं गौरी. पाणी तेवढं बघा. पंखा चालू हाय, त्याला कायबी करू नका.”

“तू जा की निवांत,” मी म्हटलं. “मी हाय न्हवं?”

तेच तर चुकलं. मी होते.

दुपारी भांडी घासून आडवी झाले तर डोक्याशी खडखड, खडखड. उठून बघितलं तर गौरी कान हलवत उभी. मला वाटलं, दिवस भरत आलेली गाय, या आवाजानं दचकली तर? आधीच दोनदा असं झालेलं. खरं सांगू? थोडी माझी झोपही होती त्यात. पण जास्त गौरीच होती.

बोळात स्टूल टाकलं, झडपा खाली दाबल्या. बांधायला सुतळी सापडेना. मग जुन्या परकराची नाडी ओढून काढली, लाल, चांगली मजबूत, आणि दिल्या झडपा आवळून. आवाज बंद! आत पंखा घुंऽऽ करत फिरतोच आहे. म्हटलं, बघा, पंख्याला कुठं हात लावला मी? झडपांनाच लावला.

थोड्या वेळानं गोठ्यात गेले तर आत गरम वाफ. जाळीच्या खिडक्यांतून ऊन येतंय, म्हणून असेल. आपण घरी काय करतो? खिडकीला ओली चादर लावतो. माझ्या सगळ्या सोलापुरी चादरी भिजवून मी त्या खिडक्यांवर टांगल्या. काय जाड चादरी त्या! एक झळ आत येईना. चादर तसूभर हलेना. दारही लोटून घेतलं. स्वतःवरच खूश झाले हो मी.

परत आले तेव्हा गौरीची जीभ बाहेर. तोंडातून लाळेची तार, पोट भात्यासारखं वरखाली. डॉक्टरांना फोन लावला, ते दुसऱ्या वस्तीवर होते, निघतो म्हणाले. आणि फोन ठेवते न ठेवते तोच शोभाचा.

“ताई, पोर आत नेलीय. गौरी कशी हाय?”

गौरी माझ्यासमोर धापा टाकत होती. आणि मी काय बोलले? “झ्याक हाय. रवंथ करतीया.”

त्या एका वाक्यासाठी मला कुठल्या नरकात टाकतील ते देवालाच ठाऊक.

तेवढ्यात शेजारच्या कोंडाआजी आल्या. आमच्या वस्तीत माणसापासून म्हशीपर्यंत सगळ्यांची दृष्ट त्याच काढतात. गौरीकडं बघून त्यांनी मान हलवली. नजर लागली म्हणाल्या, आणि रोज खिडकीतून बघणाऱ्या माणसाची लागली म्हणाल्या. म्हणताना माझ्याकडं बघितलं नाही, हे त्यांचं मोठेपण.

मी लगेच घमेल्यात निखारे आणले. आजींनी मीठ, मोहरी आणि मूठभर लाल मिरच्या गौरीवरून उतरवल्या. ठसका लागला न्हाय तर समजायचं, नजर लई कडक हाय, असं सांगून मिरच्या निखाऱ्यावर टाकल्या.

ठसका? अहो, आम्हा दोघींचे डोळे पांढरे व्हायची वेळ आली! आजी खोकतायत, मी खोकतेय, गौरी फुसफुसतेय. खोकता खोकता आजी म्हणाल्या, “न्हाय... नजर... न्हाय गं ही!”

त्याच धुरात डॉक्टर दार ढकलून आत आले. आधी घमेलं बाहेर नेलं. गौरीला हात लावून बघितला, अंगावर पाणी मारायला सांगितलं. मी बादल्यांवर बादल्या ओतत होते आणि रडत होते. डॉक्टर मात्र वर पत्र्याकडं बघत उभे. धूर तिथंच गोळा होऊन राहिलेला, ढगासारखा.

“पंखा चालू आहे ना?” ते म्हणाले.

“व्हय की, फिरतोय.”

“मग धूर का जात नाही?”

मग डॉक्टरच समजावू लागले की हा पंखा आतली कोंदट हवा बाहेर फेकतो, म्हणून समोरच्या खिडक्यांतून ताजी हवा आत येते. हो बाई, दुकानदार हेच सांगत होता. सासू-सुनेच्या निळ्या कूलरच्या वेळी!

डॉक्टर बोळात गेले. मग बाहेरून त्यांचा स्वर आला, अगदी शांत.

“ही नाडी कुणाची आहे?”

कोंडाआजींनी माझ्याकडं बघितलं. गौरीनंसुद्धा बघितलं असं मला वाटलं.

नाडी कापली. झडपा धाडकन उघडल्या, मी चादरी ओढून काढल्या, आणि गोठ्यातला सगळा मिरचीचा धूर सरळ बाहेर. बाहेर म्हणजे कुठं? माझ्या स्वयंपाकघरात. आमचे हे आत निजले होते, ते उपरण्यानं नाक धरून ‘आग लागली’ म्हणत रस्त्यावर!

मी गौरीच्या मानेला धरून बसून राहिले. हळूहळू तिचा भाता उतरला. ऊन कलताना तिनं कडब्याचं एक धाट तोंडात घेतलं आणि चावायला लागली. जन्मात एवढं गोड काही बघितलं नाही मी. पाठोपाठ फोन वाजला. शोभाला नात झाली होती. गौरी कशी आहे म्हणून तिनं पुन्हा विचारलं आणि या वेळी मी खरं सांगितलं, “रवंथ करतीया गं.”

बाकीचं मी पोटात ठेवणार होते. पण दुसऱ्या दिवशी शोभा गाडीतून उतरायच्या आत कोंडाआजींनी तिला नाडीसकट सगळं सांगितलं. संध्याकाळी शोभा माझ्याकडं आली, वाटीत पेढे आणि वर घडी करून ठेवलेली माझी लाल नाडी, गाठ मारून जोडलेली. रागावली नाही हो. एवढंच म्हणाली की ताई, पेढा खा, आणि ही परकरालाच वापरा.

पुढं गौरी सुखरूप व्याली. कालवड झाली, तांबूस, टपोऱ्या डोळ्यांची. पण तिला एक खोड. दिवसभर जाळीच्या फटीतून मान बाहेर काढून दुसऱ्यांच्या अंगणात बघत उभी असते. शोभानं तिचं नाव काय ठेवलं असेल?

आता रोज दुपारी गोठ्यातून हाक येते, “मंगे, मान आत घे!”

आणि रोज दोघी मान आत घेतो. कालवड जाळीतून, आणि मी खिडकीतून.