दारचा फणस

“बाजूनं या. हीर हाय.”

पोलादपूर सोडून रस्ता आंबेनळीकडे वळतो, तिथल्या उतारावर एका गृहस्थांचं घर होतं. घरामागच्या परड्यात कुणीही पाऊल टाकलं की ते हात आडवा धरून एवढंच म्हणत. येणारा बिचकून बाजूला व्हायचा आणि मग खाली बघायचा. खाली साधी तांबडी माती आणि चार वाळकी पानं. विहीर कुठेच नव्हती. ते मात्र तेवढ्या जागेला वळसा घालून पुढे जात, आणि त्यांच्यामागून आपणही निमूट वळसा घालत असू. तुम्हीही घातला असता.

मी महाडच्या कचेरीत मोजणीच्या कामाला होतो. साखळी टाकायची, खुणा करायच्या, जमिनीवर जे आहे तेवढंच कागदावर उतरवायचं, यात माझा जन्म गेला. असल्या माणसाला नसलेल्या विहिरीभोवती फिरवणारा तो एकच गृहस्थ मला भेटला. गावात त्यांना सगळे ‘धरणवाले’ म्हणत. घाटावरचं त्यांचं गाव धरणाच्या पाण्याखाली गेलं होतं आणि त्याच्या बदल्यात हा उताराचा तुकडा त्यांच्या वाट्याला आला होता. साठ सालाच्या आगेमागची ही गोष्ट.

तुकडा मोजून द्यायला मीच गेलो होतो. त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि म्हणाले, “तुमीच ते. आमच्याकडं च्या घेतला नव्हता तुमी.”

हो, तो मीच होतो. गाव उठण्याआधी घरंदारं लिहून घ्यायला आम्हा काही जणांना घाटावर पाठवलं होतं. दिवसभर घरामागून घरं चाललेली, बोटं आखडलेली, डोकं तापलेलं. यांच्या घरामागे झाडांची एवढी दाटी होती की आत शिरायचा मला कंटाळा आला. दारात उभं राहून मी आत डोकावलो आणि लिहिलं, ‘परसात किरकोळ झाडे’. तीन शब्दांत मोकळा झालो आणि पुढच्या घराकडे वळलो. चहाला नाही म्हटल्याचं त्यांच्या लक्षात राहिलं होतं; त्या तीन शब्दांचं त्यांना कळलं होतं की नाही, हे विचारायचं धैर्य मला पुढे बरीच वर्षं झालं नाही.

नव्या तुकड्यावर गवताच्या काडीलाही लाज वाटावी असा मुरूम होता. मी साखळी ओढत होतो आणि ते माझ्यामागून पावलं मोजत काठ्या रोवत होते. दारापासून सात पावलांवर हीर. हिरीच्या डाव्या अंगाला आंबा. आंब्यापलीकडे आवळा, खालच्या बाजूला केळी आणि सुरण. अगदी मागे, कुंपणालगत, फणस. काठ्या रोवून झाल्यावर त्यांनी कमरेवर हात ठेवून त्या बोडक्या उताराकडे समाधानाने पाहिलं. मला तिथे फक्त काठ्या दिसत होत्या.

हा सगळा खटाटोप कशासाठी, ते मला दुसऱ्या भेटीत कळलं. त्यांची बायको खाली आलीच नव्हती. पोरबाळ नव्हतं, नवरा-बायको दोघंच. गाव सोडायच्या दिवशी सामान बांधून झालं तरी ती परड्यातल्या फणसाखालून उठेना. शेवटी म्हणाली, बोडक्या जागेत मी येणार नाही, दारचा फणस लागेल तेव्हा मला न्यायला या. आणि घाटमाथ्यावर पाण्याच्या वर राहिलेल्या वाडीत, भावाच्या घरी निघून गेली. यांनी त्याच झाडाच्या शेवटच्या फणसाच्या आठळ्या राखेत घोळवून फडक्यात बांधून आणल्या होत्या. त्यातली एक रुजली होती. वीतभर रोप मला दाखवून ते म्हणाले, “हा लागला की तिला आणायची.”

मी हिशेबी माणूस. आठळीचं झाड फळायला सात-आठ वर्षं, हे मलाही ठाऊक होतं.

परडं मात्र त्यांनी असं वाढवलं की बघत राहावं. आधी केळी लावली, कारण बाळझाडांना सावली पाहिजे. शेवग्याच्या फांद्या नुसत्या खोचल्या, त्या फुटल्या. मोरीच्या पाण्यावर अळू माजलं. भोपळा छपरावर गेला. केळीच्या सावलीत आंबा, आवळा आणि फणस लहान मुलं धरून आणल्यासारखे उभे राहिले आणि त्यांच्या पायाशी हळद, आलं, सुरण. प्रत्येक रोपाजवळ एक मडकं गळ्यापर्यंत पुरलेलं, त्याच्या बुडाला बारीक भोक आणि भोकात चिंधी. पाणी नदीवरून कावडीनं आणायचं. भरलेली कावड खांद्यावर घेऊन हा माणूस चढ चढून यायचा आणि झाडांपाशी जाताना नसलेल्या विहिरीला वळसा घालायचा. एकदा न राहवून मी विचारलं, तिथे खरीच विहीर का खणत नाही?

“खणली की पैल्याच साली. कंबरभर गेलो नि कातळ लागला. बुजवली.” कावड खाली ठेवत ते म्हणाले, “हीर हाय, पाणी नाय.”

शेजारच्यांना त्यांचं वेगळंच दुखणं होतं. चैत्र-वैशाखात आमच्याकडे भाताच्या रोपासाठी जमीन भाजतात, त्यासाठी फांद्या-पाला गोळा करतात. सगळ्यांची नजर धरणवाल्यांच्या परड्याकडे. हे एक पान देत नसत आणि एक पान झाडूनही काढत नसत. पडेल ते जागच्या जागी कुजू द्यायचं. पाला जाळला की झाड उपाशी राहतं, हे ते इतक्या वेळा म्हणत की शेजारच्या पोरी त्यांची नक्कल करायच्या. केराच्या ढिगात राहतो म्हणून लोक हसले. चार वर्षांनी तोच मुरूम हाताला काळा लागायला लागला, तेव्हा हसणारे हळूच अळूचे कांदे मागायला आले. त्यांनी दिलेही.

एकदा मला उत्साह आला. दासगावला मोजणी होती, तिथून नारळाची दोन चांगली रोपं घेतली आणि एस.टी.त मांडीवर धरून पोलादपूरपर्यंत आणली. कंडक्टर म्हणाला, पोरांचं अर्धं तिकीट काढा. एवढा प्रताप करून मी रोपं त्यांच्यापुढे ठेवली तर त्यांचा चेहरा पडला. ते परड्यात इकडून तिकडे फिरले, दोनदा हिरीला वळसा घातला, परत आले. आमच्या परड्यात माड नव्हता, म्हणाले, कुठं लावू? मला राग आला. एवढी जागा पडली आहे आणि हा माणूस पाण्याखालच्या गावाची परवानगी मागतोय! शेवटी त्यांनी दोन्ही रोपं कुंपणाबाहेर, रस्त्याच्या कडेला लावली. पाणी मात्र तेवढ्याच मायेनं घातलं.

त्या दिवशी पहिल्यांदा मला त्या परड्याची भीती वाटली. त्यानंतर एकेक गोष्ट दिसायला लागली. आंब्याचं रोप माझ्या गुडघ्याएवढं होतं, आणि त्याच्याजवळून जाताना ते मान वाकवत. तिथे त्यांच्या जुन्या आंब्याची फांदी खाली आलेली असे. भरदुपारी ऊन पडलेल्या जागी उभं राहून ते म्हणत, “सावलीत या की.” मी जात असे. आणि खोटं कशाला बोलू, एकदा-दोनदा मला तिथे गार वाटलं होतं.

वर्षातून दोनदा, दिवाळीनंतर आणि चैत्रात, ते परड्यातलं काहीबाही घेऊन बायकोकडे घाट चढत. पहिल्या वर्षी भोपळा आणि अळू. मग केळीचा घड, शेवग्याच्या शेंगा. मग सुरण, ओली हळद. ती सगळं घेई, जेवू घाली, संध्याकाळच्या गाडीनं ते परत येत. मी भेटलो की विचारत असे, काय म्हणाली? त्यांचं उत्तर ठरलेलं.

“म्हणली, फणस लागला काय.”

“मग तुम्ही?”

“नाय अजून, म्हणलो.”

हे ऐकून मी मनापासून हसत असे. कचेरीत आल्यावर चहाच्या वेळी मी हा संवाद दोन्ही आवाज काढून करून दाखवत असे. एखाद्याची फाईल रखडली की आमच्याकडे म्हणायची पद्धतच पडली, ‘काय, फणस लागला काय?’

एका वैशाखात ते फेरीची वेळ नसताना वर जाऊन आले. धरणाचं पाणी खाली गेलं होतं आणि गाव वर आलं होतं, ते बघून आले होते. जोती, पायऱ्या, चिखल. फणसाचं काळं खोड अजून उभं होतं म्हणाले. मी विहिरीचं विचारलं. ते जरा हसले. “भरलीय काठोकाठ. आता तिचं पाणी कधी आटायचं नाय.”

त्याच वेळी मी धीर केला आणि त्या तीन शब्दांचं सांगून टाकलं. किरकोळ झाडे लिहिलं होतं मी, आत न जाता. त्यांनी ऐकून घेतलं, खाली वाकून पुरलेल्या मडक्यावरचं झाकण नीट बसवलं.

“समदी नावानिशी लिवली असती,” ते म्हणाले, “तरी पाण्याला वाचता येतं व्हय?”

त्यानंतर त्यांनी माझी शिकवणी लावली. प्रत्येक भेटीत एखादं पान माझ्या हातात चुरगाळून देत आणि वास घेऊन ओळखायला लावत. हळद आणि आलं यांत मी सारखा चुकायचो. ते रागावत नसत, दुसरं पान देत.

शेवटची भेट फाल्गुनात झाली. मला हाताला धरून, हिरीला वळसा घालून, ते मागच्या कुंपणापाशी घेऊन गेले. फणस आता घराच्या वर गेला होता. खोडाला, छातीच्या उंचीवर, गोणपाटाचा तुकडा बांधलेला. तो बाजूला केला तर आत मुठीएवढी कुयरी, कोवळा फणस. वर आणखी चार होत्या. मी म्हणालो, अहो, मग उद्याच्या गाडीनं जा आणि सांगा! त्यांनी पटकन गोणपाट खाली सोडला. कुयरी गळते, म्हणाले. पिकू दे, हाताला लागू दे, मग जाईन. आठ वर्षं काढली तिथे दोन महिन्यांचं काय. त्यांचं म्हणणं मला पटलं. मला पटलं, याबद्दल मी अजून स्वतःला माफ केलेलं नाही.

चैत्रात दोन दिवसांच्या तापानं ते गेले. मला कचेरीत चार दिवसांनी कळलं.

निरोप वर पोचून त्यांची बायको खाली आली तोवर सगळं आटपलं होतं. मी भेटायला गेलो तेव्हा ती पुढच्या ओटीवर बसलेली, बारीक, ताठ बाई. तेरा दिवस ती तिथेच बसली, परड्याचं दार तिनं उघडलं नाही. तेरावा झाल्यावर भाऊ न्यायला लागला तर म्हणाली, फणस पिकू दे. तो एकटा वर गेला आणि वैशाखाच्या शेवटी परत आला. त्या दिवशी मीही मुद्दाम गेलो होतो. परड्याचं दार उघडं होतं, फणस उतरवून आत ठेवलेला; घरात शिरतानाच वास आला.

तिनं कोयत्याला आणि हातांना तेल लावलं आणि फणस फोडला. दोन्ही भकलं उघडी पडली तशी ती थांबली. गरे घट्ट, पिवळेजर्द, बोटानं दाबले तरी दबत नव्हते.

“कापा हाय,” ती म्हणाली. “आमचा बरका व्हता.”

बरका म्हणजे मऊ, रसाळ गऱ्यांचा. त्यांचा जुना फणस तसला होता. पाऊल न् पाऊल मोजून उभं केलेलं सगळं, आणि नेमकं ज्याच्यासाठी केलं तेच झाड वेगळं निघालं. मी काहीतरी समजुतीचं बोलायला गेलो. तिनं मान हलवली. आठळीचं झाड कसं निघेल ते कुणाच्या हातात असतं, त्यात त्यांचं काय चुकलं, असं तीच मला समजावून सांगू लागली. मग गरे काढता काढता, वर न बघता, बोलली.

“फणसाचं मी रागात बोलले व्हते. घर सुटताना माणूस कायबी बोलतं. आठ वरसं येत व्हते. केळी आणली, सुरण आणला, हळद आणली. मी आपली दर वेळी विचारायची, फणस लागला काय. ते म्हणायचे नाय अजून, नि घाट उतरायचे. एकदा पण ‘चल’ म्हणाले नायत. म्हणाले असते तर तशीच उठून आले असते.”

भाऊ ओटीवरून म्हणाला, गाडीची वेळ झाली. ती म्हणाली, तू जा दादा, झाडावर अजून चार हायत. तो एकटाच गाडीकडे निघाला.

तिनं केळीच्या पानावर गरे ठेवून पान माझ्यापुढे सरकवलं. मी एक गरा तोंडात घातला. गोड होता, फार गोड होता. आठळी मी खिशात ठेवली.