खिळ्यावरचा बॅज

हडपसरच्या एका हाडांच्या हॉस्पिटलात मी ऑपरेशन थिएटरची इन्चार्ज सिस्टर आहे. अठरा वर्षं झाली. सोलापूर रोडवर बाइकवाले रोजच पडतात, त्यामुळे मोडलेल्या मांडीत रॉड घालणं आमच्याकडे पोळ्या लाटण्याइतकं नेहमीचं. रॉड नीट जातोय की नाही हे बघायला एक्स-रेचं मशीन शेजारीच चालू असतं. म्हणून अंगावर शिशाचा एप्रन, गळ्याला शिशाचा पट्टा आणि छातीवर एक छोटा बॅज. अंगावर किती किरणं आली हे त्या बॅजवरून कळतं. दर तीन महिन्यांनी सगळ्यांचे बॅज मोजायला पाठवायचे आणि आलेला अहवाल सही करून फाइलला लावायचा, हे माझं काम.

आमचे सर्जन सर मूळचे नारायण पेठेतले, बोलणंही तिथलंच. एप्रन घालायचे, पण पट्टा पुढे केला की म्हणायचे, "सिस्टर, फाशी येरवड्याला देतात. इथे नाही." आणि बॅज? तो कपडे बदलायच्या खोलीत, खिळ्यावर. आकडा वाढला की विचारणा होणार, काही दिवस मशीनपासून लांब राहा म्हणणार. "तोवर मांड्या काय तुम्ही जोडणार?" मी हसायचे. तीन महिन्यांनी तोच बॅज खिळ्यावरून काढून पाकिटात घालायचे.

एकदा तर पेशंटचा पाय धरून उभे राहणाऱ्या आमच्या वॉर्डबॉय मामांचा आकडा सरांपेक्षा जास्त आला. "मामा, ऑपरेशनं तुम्हीच करता वाटतं!" सर म्हणाले, आणि अख्खं थिएटर खो खो हसलं. मीसुद्धा. आता आठवलं की स्वतःचीच लाज वाटते.

गाठ पहिल्यांदा मलाच दिसली. चहा पिताना सरांच्या गळ्यात घोटाबरोबर काहीतरी वरखाली झालं. म्हटलं, "सर, दाखवून घ्या." तर म्हणे, "चरबी आहे हो, वय झालं." कुणाचा नुसता गुडघा दुखला तरी दहा तपासण्या लिहून देणारा हा माणूस, पण स्वतःच्या गळ्याला आठ महिने कुणाला हात लावू दिला नाही. शेवटी आवाज बसला तेव्हा दाखवायला गेले. कॅन्सर फुप्फुसापर्यंत पोचला होता. किरणांमुळेच झाला असं कुणी छातीठोकपणे सांगितलं नाही, सांगताही येत नाही. पण माझ्या मनातून ते जात नाही. वर्षाच्या आत सर गेले.

त्यानंतर दोन महिन्यांनी त्यांची मुलगी आमच्याकडे रुजू झाली. तीही हाडांचीच सर्जन. पहिल्या दिवशी ती हात धुवायला निघाली तेव्हा मी पट्टा पुढे केला. तिने हसून बाजूला सारला.

"राहू दे सिस्टर, फार उकडतं त्यात. बाबांची फाइल बघितलीय मी. सोळा वर्षांत एकदाही आकडा वर गेलेला नाही. त्यांचं दुखणं वेगळंच होतं. नशीब, दुसरं काय!"

फाइल माझी, सही माझी. गप्प बसले असते तर कुणाच्या बापाला कळलं नसतं, नोकरीही शाबूत राहिली असती. पण पोर तशीच मोकळ्या गळ्याने मशीनपाशी उभी राहणार होती, तेही माझ्या सहीवर विश्वास ठेवून.

"मॅडम, ती फाइल खोटी आहे," मी म्हटलं. "सरांचा बॅज त्यांच्या अंगावर कधी नसायचाच. खिळ्यावर असायचा. मीच काढून पाठवायचे."

तिने विचारलं, "सोळा वर्षं?"

"हो."

तिने माझ्या हातातून पट्टा घेतला आणि स्वतःच बांधला. मी मदतीला हात पुढे केला, तर मागे सरकली.

"बाबा घरी तुमचं फार कौतुक करायचे," ती म्हणाली. "म्हणायचे, आमच्या सिस्टर चुकीची चप्पल घालून कुणी आत आलं तरी सोडत नाहीत. मग त्यांना एकट्यालाच का सोडलंत हो?"