मंगळवारचं वारं

लोणारला जायचा रस्ता कुठून सोयीचा, असं एका वाचकानं विचारलं. उत्तर लिहायला बसले आणि लक्षात आलं, त्या भागात मी पहिल्यांदा गेले तेव्हा लोणार पाहिलंच नव्हतं. जीप अलीकडेच वळली होती. त्या प्रवासाबद्दल हे लिहिते आहे. रस्त्यांची माहिती ओघात येईल.

महाराष्ट्र राज्य तेव्हा नवंच म्हणायचं. मोठा दुष्काळ नुकताच सरला होता. पुण्यातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयाचा डेन्मार्कमधल्या एका विद्यापीठाशी करार झाला होता. पाऊस बेभरवशाचा, वीज पोचलेली नाही, अशा गावांत वाऱ्यावर पाणी उपसता येईल का, हा अभ्यासाचा विषय. डेन्मार्कहून होल्गर नावाचे प्राध्यापक आले. त्यांच्याबरोबर जाणारे, त्या महाविद्यालयातले आमच्या ओळखीचे सर ऐन वेळी परीक्षांच्या कामात अडकले आणि दुभाष्या हवा झाला. मी मराठी-इंग्रजी घेऊन एम. ए. केलं होतं आणि घरी बसून होते. वाऱ्यातलं मला काही कळत नाही, असं मी सांगितलं. सर म्हणाले, वाऱ्यातलं होल्गरना कळतं, तुम्ही फक्त मराठी सांभाळा. ते सोपं काम वाटलं.

मनमाडला गाडी बदलून मलकापूरला उतरलो. उंच खांबाचे लोखंडी तुकडे सामानाच्या डब्यातून आले होते. स्टेशनबाहेर रशीदभाई जीप घेऊन उभे होते. ते चिखलीचे, कापसाच्या हंगामात व्यापाऱ्यांना गावोगाव फिरवायचे. खांबाचे तुकडे बांधताना त्यांनी होल्गरकडे पाहिलं आणि मला विचारलं, "ताई, हे इतक्या दुरून हवा खायले आले का?"

खांब एकच होता. तो वर्षभर एका गावात उभा राहणार, त्यावरच्या यंत्राची रोज नोंद होणार आणि वारा पुरेसा निघाला तर त्याच गावाला पवनपंप मिळणार. बुलढाणा जिल्ह्यात जागा मिळाली नाही, तर खांब दुसऱ्या जिल्ह्यात जायचा होता.

पहिला मुक्काम वडनेर भोलजी. मलकापूरहून नांदुऱ्याकडे जाणारा हा रस्ता तेव्हाही बरा होता. दोन्ही बाजूंना सपाट काळी जमीन आणि फार आकाश. पारावर बसलेल्या एका म्हाताऱ्यांना मी विचारलं, "इथं वारं केव्हा येतं?" ते जरा थांबले. मग म्हणाले, "हवा म्हन्ता का? हवा चैत-वैशाखात असते थोडी." माझा शब्द न घेता त्यांनी आपला वापरला, हे माझ्या लक्षात आलं नाही. मी इंग्रजीत सांगितलं, होल्गरनी लिहून घेतलं.

होल्गरची मोजायची एक रीत होती. चार वाट्यांचं यंत्र आधी छातीच्या उंचीवर धरायचं. मग एका लांब बांबूला बांधून वर चढवायचं आणि पुन्हा पाहायचं. घाई नाही, बोलणं नाही. वडनेरला वाट्या खाली फिरल्या नाहीत आणि वर जेमतेम फिरल्या. होल्गरनी मान हलवली. जेवायला एका घरी ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर आणि मिरचीचा ठेचा मिळाला. होल्गरनी ठेचा चटणीसारखा लावायच्या ऐवजी भाजीसारखा खाल्ला आणि बराच वेळ ते बांधावर एकटे उभे राहिले. जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.

मागे येऊन मोताळ्यावरून राजूर घाट चढलो. घाट लहान आहे, पण वर आल्यावर हवा बदलते. बुलढाण्याला रात्र विश्रामगृहात काढली. उकाड्याच्या दिवसांत पांघरूण लागलं. होल्गरना हे फार महत्त्वाचं वाटलं. पठारावर आपल्याला वारा मिळणार, असं ते म्हणाले.

सकाळी चिखली. रशीदभाईंच्या घरी चहा, बाजारात शेवभाजी. खायचं असेल तर चिखलीतच खाऊन घ्यावं, पुढं हॉटेलांचा भरवसा नाही. तिथून मेहकर आणि मेहकरहून जानेफळची वाट. तेव्हा डांबर जागोजागी सुटलेलं होतं आणि जीप रस्त्यापेक्षा रस्त्याच्या कडेनं जास्त चालत होती. आता एसटी आहे, वडापच्या जीपा आहेत, अडचण काही नाही. आम्हाला जायचं होतं ते गाव जानेफळच्या थोडं पुढं. त्याचं नाव लिहीत नाही. कारण पुढं कळेल.

गावाबाहेर एक टेकाड होतं. टेकाडावर शेंदूर लावलेला देवीचा दगड आणि एक लिंब. पायथ्याशी खोल विहीर. दुष्काळात आसपासच्या विहिरी आटल्या, पण हिचं पाणी टिकलं. अर्ध्या गावाच्या बाया तिथं पाणी शेंदत होत्या. होल्गरनी विहीर पाहिली, टेकाड पाहिलं आणि पहिल्यांदा हसले.

सरपंच उत्तमराव सामोरे आले. उंच, शांत माणूस, बोलणं मोजकं. चावडीपाशी लोक जमले होते. मी होल्गरची ओळख करून दिली. सांगितलं, साहेब परदेशातून आले आहेत, इथलं वारं मोजायला. त्यांच्याकडे तसं यंत्र आहे.

लोक पुढं सरकून ऐकू लागले. मी विचारलं, "इथं वारं केव्हा येतं?"

मागून एकजण म्हणाला, "मंगळवारी."

"फक्त मंगळवारी?"

"अवसे-पुनवेलेही येते कधी."

मी ते इंग्रजीत सांगितलं. होल्गरनी पेन उचललं आणि खाली ठेवलं. वारा कुठून येतो, असं त्यांनी विचारायला लावलं. मी विचारलं. दोघा-तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. उत्तमराव म्हणाले, "येते आमच्या भावजयीले. गयाबाईले. बोलावनं धाडलं आहे."

होल्गर मला विचारत होते, काय म्हणाले. मी म्हटलं, थांबा. रशीदभाई जीपला टेकून उभे होते, त्यांनी मला बाजूला घेतलं. ते हसत होते, पण आवाज हलका ठेवून बोलले. या गावात वाऱ्याला हवा म्हणतात. वारं म्हणजे अंगात येणारी देवी. गयाबाईच्या अंगात दर मंगळवारी वारं येतं, त्या टेकाडावर, त्या दगडापुढं. आणि ताई, तुम्ही सांगितलं की गोरा साहेब वारं मोजायले आला.

मी म्हटलं, आत्ता जाऊन सांगते, चूक झाली.

"सांगा," रशीदभाई म्हणाले. "पन आधी आयका."

विहीर उत्तमरावांच्या वाटणीची होती. दुष्काळाच्या ऐन भरात त्यांनी तिला काटेरी कुंपण घातलं होतं. त्या मंगळवारी गयाबाईच्या अंगात वारं आलं आणि वारं बोललं की विहीर खुली करा. एरवी गयाबाई म्हणजे भावाची विधवा. तिनं घरात तोंड उघडलं तर जावाही ऐकत नसत. वाऱ्याचं मात्र ऐकावं लागलं. कुंपण निघालं. उत्तमरावांनी मानलं, पण मनातून मानलं नाही, आणि हे सगळ्या गावाला माहीत होतं. आता यंत्र आलं होतं. यंत्रात वारं निघालं नाही, तर विहिरीला पुन्हा कुंपण.

मी होल्गरना सांगायला वळले, तोवर ते बांबू खांद्यावर टाकून टेकाड चढायला लागले होते. मागे गाव.

गयाबाई विहिरीवरूनच आल्या. पन्नाशीच्या, ठेंगण्या, ओल्या पदरानं हात पुसत. कुणी त्यांना काय सांगितलं होतं कोण जाणे. त्यांनी घागर लिंबाखाली ठेवली आणि दगडाच्या बाजूला उभ्या राहिल्या. मी जवळ गेले. त्यांनीच विचारलं, "ह्या वाट्यात काय घालतेत?"

"काही नाही. नुसत्या फिरतात."

"आन् नाई फिरल्या तं?"

उत्तमराव पलीकडे हात मागे बांधून उभे होते. म्हणाले, "वहिनी, आज मंगळवार नाई, हे साहेबाले सांगू का? नाई तं तुमच्यावर अन्याव व्हायचा."

"मंगळवार नाई हे देवीले माहीत आहे, भाऊजी," गयाबाई म्हणाल्या. "लाव म्हना."

होल्गरनी रिवाजाप्रमाणे यंत्र आधी छातीच्या उंचीवर धरलं. वाट्या हलल्या नाहीत. ऊन होतं, लिंबाचं पानही हलत नव्हतं. मागं कुजबुज सुरू झाली. विहिरीवरच्या बाया दोर हातात धरून वर पाहत होत्या. गयाबाई वाट्यांकडे पाहत नव्हत्या, खाली विहिरीकडे पाहत होत्या. होल्गरना यातलं काही माहीत नव्हतं. त्यांनी घड्याळ पाहिलं, आकडा लिहिला आणि शांतपणे यंत्र बांबूला बांधायला घेतलं. ती गाठ मारायला त्यांना फार वेळ लागला, असं मला अजून वाटतं.

बांबू वर गेला. एक वाटी डुलली. मग चारही फिरल्या आणि इतक्या वेगानं फिरल्या की वेगवेगळ्या दिसेनाशा झाल्या. खाली पदर हलत नव्हता.

होल्गर म्हणाले, चांगला आहे, फार चांगला. सांगा त्यांना.

उत्तमराव माझ्याकडे पाहत होते. "काय म्हन्ते साहेब?"

आता मला दोन शब्द माहीत होते. हवा म्हटलं असतं तर वाक्य बिनचूक झालं असतं आणि त्याचा कुणाला काही उपयोग नसता. मी म्हटलं, "साहेब म्हणतात, इथं वारं आहे. चांगलं आहे."

उत्तमरावांनी वर पाहिलं, बराच वेळ. मग डोक्यावरची टोपी काढली, दगडाला हात जोडले आणि पुन्हा घातली. खांब याच टेकाडावर उभा करायचा असेल तर गावाची हरकत नाही, असं ते म्हणाले. पंप आला तर विहीर आहेच.

गयाबाई म्हणाल्या, "माही हरकत आहे." सगळे त्यांच्याकडे वळले. "खांब राहू द्या. पन मंगळवारी मोजायचं नाई. त्या दिवशीचं मोजायचं नसते."

हे मी होल्गरना सांगितलं. ते म्हणाले, आठवड्यात एक दिवस गेला तरी अभ्यास होतो. रोजची नोंद शाळेच्या मास्तरांनी घ्यायची ठरली, मंगळवार सोडून.

संध्याकाळी खांब उभा राहिल्यावर गावानं रोडगे केले. गोवऱ्यांच्या विस्तवात भाजलेले कणकेचे गोळे, तुपात बुडवून, वांग्याच्या भाजीबरोबर. या भागात जाणार असाल तर रोडग्यांचं आमंत्रण टाळू नका. होल्गरनी भाजी आधी जिभेच्या टोकावर घेऊन पाहिली. ते शिकले होते. गयाबाई विस्तवाजवळ माझ्या शेजारी बसल्या होत्या.

"पोरी, तुमच्या पुन्यात हवेले काय म्हन्तेत?"

"वारा."

"आन् वाऱ्याले?"

मी विचार केला. म्हटलं, "काही नाही."

"मंग कसं होते वो तुमचं?" त्या म्हणाल्या आणि माझ्या ताटात आणखी एक रोडगा टाकला.

परतीच्या गाडीत मी होल्गरना सगळं सांगितलं. मनमाडला त्यांनी विचारलं, तुम्ही शेवटी त्यांना नेमकं काय सांगितलंत? मी सांगितलं. ते म्हणाले, मीही तेच मोजलं.

पंप दोन उन्हाळ्यांनंतर बसला आणि काही वर्षं चालला. मग गावात वीज आली, विहिरीवर मोटर आली आणि पंपाची पाती कुणीतरी उतरवून ठेवली. मी नंतर एकदाच गेले, एसटीनं. गयाबाई नव्हत्या. विहिरीला कुंपण नव्हतं. मी तेवढंच पाहून परतले.

दोन्ही संस्थांचा अहवाल डेन्मार्कमध्ये छापला गेला. त्यातला वर्षभराच्या वाऱ्याचा आलेख होल्गरनी मला पाठवला. तिकडच्या लोकांनी त्यांना विचारलं होतं म्हणे, यंत्रात काही बिघाड आहे का, रेघ दर आठवड्याला तुटते कशी. त्यांनी खाली एक ओळ घातली आहे: मंगळवारी मोजणी नाही, स्थानिक अट.

तो आलेख माझ्या टेबलासमोर लावलेला आहे. सहा दिवस रेघ वर-खाली होते. मग थोडी कोरी जागा येते. मग रेघ पुन्हा सुरू होते.